गढीच्या पायथ्याचा मुलगा

एडिंबरा शहराच्या मुख्य रेल्वे स्टेशनाला एका कादंबरीचं नाव आहे, हे मला तिथे पाऊल ठेवेपर्यंत माहीत नव्हतं. स्टेशनाचं नाव वेव्हर्ली. आपल्याकडे स्टेशनांना राजांची, संतांची, पुढाऱ्यांची नावं देतात. कादंबरीचं नाव दिलेलं मी तरी पाहिलं नाही. स्टेशनातून वर रस्त्यावर आलं की समोरच काळपट दगडाचा दोनशे फूट उंच मनोरा. त्याच्या पोटात अंगावर धनगरी घोंगडीसारखं काहीतरी घेऊन बसलेल्या माणसाचा संगमरवरी पुतळा, पायाशी कुत्रा. मनोऱ्याला २८७ पायऱ्या. दुपारी चहाचे पैसे द्यायला पर्स उघडली तर बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटेवरही तोच माणूस. सर वॉल्टर स्कॉट.

आपल्या मंडळातल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, आम्हाला बी.ए.ला ‘आयव्हॅन्हो’ होतं, तेही संक्षिप्त. मी ते घरी मोठ्याने वाचायची आणि धाकट्या भावाला मराठीत सांगायची. भाऊ दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला. आजीने गरम वाळूचे शेक दिले, तेलाची मालिशं केली, कुणी सांगितलं तिथे अंगारे आणले. पाय काही हलला नाही. पुढे कॅलिपर आला, काठी आली. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळायची तेव्हा हा कट्ट्यावर बसून त्यांना गोष्टी सांगायचा, आणि पोरं खेळ सोडून ऐकायची. स्कॉटचाही पाय लहानपणीच गेला होता हे त्याने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून स्कॉट आमच्या घरचा झाला.

त्याच भावाचा मुलगा सध्या एडिंबऱ्यात शिकतोय. मी त्याच्याकडे जायला निघाले तेव्हा भावाने बेळगावहून निघतानाच बजावलं होतं, की पुतळा-बितळा राहू दे, स्मेलहोमची गढी बघून ये आणि मला सांग.

गढी हा शब्द मी मुद्दाम वापरते. इंग्रजीत तिला टॉवर म्हणतात, पुस्तकात किल्ला म्हणतात. पण राजहंसगड किंवा आपला भुईकोट डोळ्यासमोर आणून गेलात तर निराशा होईल. हे एका घराण्याचं राहतं घर, फक्त उभं बांधलेलं. खडकाच्या टेकाडावर वीस मीटर उंच चौकोनी दगडी ठोकळा, भिंती अडीच मीटर जाड, खिडक्या इवल्याशा. खाली कोठी, वर दिवाणखाना, त्याच्यावर झोपायच्या खोल्या, आणि सगळ्यांना जोडणारा एकच अरुंद गोल जिना. भोवती दगडी आवार, ढोरं आत घ्यायला. पंधराव्या-सोळाव्या शतकात प्रिंगल नावाच्या घराण्याने हे बांधलं. इंग्लंडची सीमा इथून जवळ. त्या काळी सीमेच्या दोन्ही अंगाची घराणी रात्री घोड्यावरून यायची, ढोरं हाकलून न्यायची, घरं पेटवायची. त्यांना रीव्हर्स म्हणत. गढीच्या छपरावर धुराड्याला टेकून पहारेकऱ्याची दगडी बैठक आहे आणि शेजारी कंदील ठेवायचा कोनाडा. थंडीत पाठीला ऊब मिळावी म्हणून धुराडं. कुणीतरी त्या पहारेकऱ्याचा विचार केला होता, याचं मला फार बरं वाटलं.

स्कॉटचे स्वतःचे पूर्वजही असलेच लुटारू. हार्डनचा वॅट म्हणून एक होता. घरातलं मांस संपलं की त्याची बायको जेवणाच्या ताटात अन्नाऐवजी घोडेस्वाराच्या टाचेच्या काटेरी आऱ्या झाकून आणायची, म्हणजे उठा आणि ढोरं चोरून आणा, अशी तिकडे गोष्ट सांगतात. पुढे १६४५ च्या सुमाराला ही गढी याच हार्डनच्या स्कॉटांकडे आली. त्यांच्याकडून पायथ्याची सँडीनो नावाची शेती कवीच्या आजोबांनी खंडाने घेतली होती.

आम्ही त्या दिवशी सगळं उलटं पाहिलं. सकाळी एडिंबऱ्याहून निघालो. वाटेत लॉडर नावाचं छोटं गाव लागलं. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांनी स्थापलं ते डॉ. जॉन विल्सन १८०४ साली इथे जन्मले. मी भाच्याला गाडी हळू घ्यायला लावली, पण बघण्यासारखं म्हणजे एक लांबट रस्ता आणि दुतर्फा घरं. पुढे आधी स्कॉटचा वाडा, मग त्याची समाधी, आणि शेवटी दुपारी ही गढी. सांगताना मात्र इथूनच सुरुवात करते.

वॉल्टर स्कॉट १५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिंबऱ्यात जन्मला. वडील सॉलिसिटर, आई वैद्यकीच्या प्राध्यापकाची मुलगी. त्याच्या आधीची सहा भावंडं तान्हेपणीच गेली होती. हा दीड वर्षाचा असताना एका रात्री ताप आला आणि उतरला तेव्हा उजवा पाय लुळा पडला होता. पोलिओ हे नाव तेव्हा नव्हतं. डॉक्टरांनी जमेल ते केलं, मग आईच्या वडिलांनी सल्ला दिला की पोराला मोकळ्या हवेवर धाडा. म्हणून तो सँडीनोला आजोबांकडे आला.

इथे येताच एक विचित्र प्रकार घडला. त्याला सांभाळायला शहरातून एक दाई पाठवली होती. तिचा जीव शहरात कुणावर तरी जडलेला. या पोरापायी आपण इथे रानात अडकलो, या विचाराने तिचं डोकं फिरलं. त्याला कडेवर घेऊन ती गढीच्या खडकांवर गेली, कात्रीने गळा कापून चिखलात पुरायच्या इराद्याने. काय झालं कोण जाणे, परत आली आणि घर सांभाळणाऱ्या बाईपाशी स्वतःच कबूल केलं. तिला अर्थातच ताबडतोब काढून टाकलं.

उपचारांचं म्हणाल तर आमच्या आजीची आठवण यावी असेच. मेंढी कापली की तिचं ताजं, गरम कातडं पोराच्या उघड्या अंगाला गुंडाळायचे आणि त्याला दिवाणखान्यात जमिनीवर सोडायचे. एक म्हातारे नातेवाईक, लष्करातले निवृत्त सरदार, गुडघ्यावर बसून खिशातलं घड्याळ गालिच्यावरून ओढायचे, पोराने त्यामागे रांगावं म्हणून. हा प्रसंग स्कॉटच्या अगदी पहिल्या आठवणींपैकी. भावाला सांगितला तेव्हा तो म्हणाला होता की आपल्याकडे खुळखुळा होता, घड्याळ कुणाकडे होतं!

कातड्याने गुण आला नाही, रानाने थोडा आला. हवा चांगली असली की गुराखी त्याला उचलून टेकाडावर न्यायचा आणि मेंढ्यांमध्ये गवतावर ठेवायचा. एकदा त्याला तिथेच विसरले आणि वादळ आलं. त्याची जॅनेट आत्या धावत गेली तर हा पाठीवर पडून प्रत्येक विजेला टाळ्या वाजवत होता. हीच आत्या त्याला जुनी गीतं वाचून दाखवायची. त्यांना तिकडे बॅलड म्हणतात. पोवाडा आणि ओवी यांच्या मधलं काहीतरी समजा. वाचता येण्याआधीच एक लांबलचक बॅलड त्याला पाठ होतं. गावचे धर्मोपदेशक भेटायला आले की हा ते घसा ताणून म्हणायचा आणि त्यांना बोलू द्यायचा नाही. आजी सीमेवरच्या लुटीच्या गोष्टी सांगायची. गढी समोरच उभी होती, गोष्टीतला जागेचा प्रश्नच नव्हता.

पाय पुढे सुधारला, पण लंगडणं जन्मभर राहिलं. तरीही मोठेपणी तो दिवसाला वीस-तीस मैल चालायचा आणि घोड्यावर पक्का होता. शाळेत धावता येईना म्हणून गोष्टी सांगून मित्र जमवले. काही महिने केल्सो गावच्या शाळेत काढले, तिथे जेम्स बॅलंटाइन नावाचा मुलगा भेटला. हे नाव लक्षात ठेवा. पंधराव्या वर्षी एडिंबऱ्यातल्या एका बैठकीत रॉबर्ट बर्न्सला पाहिलं. भिंतीवरच्या चित्राखालच्या ओळी कुणाच्या, हे बर्न्सने विचारलं तेव्हा फक्त या पोराला सांगता आलं.

१७९२ मध्ये तो वकील झाला. वकिली बेताची चालली. सुट्टी लागली की हा घोडा काढून सीमेवरच्या दऱ्याखोऱ्यांत जायचा, शेतकऱ्यांच्या घरी उतरायचा, म्हाताऱ्यांकडून गाणी उतरवून घ्यायचा. सात वर्षं असं चाललं. १८०२ पासून त्या गाण्यांचे खंड निघाले. एका म्हातारीने, कवी जेम्स हॉगच्या आईने, त्याला तोंडावर सुनावलं की ही गाणी म्हणायला होती, वाचायला नव्हे. तू छापलीस आणि बिघडवलीस, आता ती कुणी म्हणणार नाही. जात्यावरच्या ओव्यांची पुस्तकं आपण लायब्ररीत लावून ठेवतो तेव्हा मला ही बाई आठवते. तिचं खोटं नव्हतं. पण स्कॉटने उतरवली नसती तर त्यातली बरीचशी तिच्याबरोबरच गेली असती, हेही आहेच.

याच सुमाराला ही गढी पडायला आली होती. स्कॉटने मालकाला, म्हणजे हार्डनच्या आपल्या भाऊबंदाला, ती वाचवायची गळ घातली. त्याने गमतीत अट घातली की तू हिच्यावर एक बॅलड लिही. स्कॉटने लिहिलं. त्यात गढीची मालकीण आहे, मेलेला प्रियकर आहे, आणि मनगटावर जळल्याचा डाग. आज गढी उभी आहे त्यात या व्यवहाराचाही वाटा आहे.

पुढची वीसेक वर्षं भरभर सांगता येतील. लग्न झालं, शेल्कर्क जिल्ह्याचा शेरीफ म्हणजे न्यायाधीश झाला, वरच्या कोर्टात कायमची नोकरी लागली. लांब कथाकाव्यं लिहिली, ती हातोहात खपली. १८१३ मध्ये राजकवीपद देऊ केलं ते नाकारलं. १८१४ मध्ये ‘वेव्हर्ली’ आली, नाव न देता. कोर्टातल्या माणसाने कादंबऱ्या लिहिणं तेव्हा शोभत नसे. पुढच्या कादंबऱ्याही ‘वेव्हर्ली’च्या लेखकाची म्हणून निघत राहिल्या, अर्ध्या देशाला अंदाज होता आणि हा ताकास तूर लागू देत नव्हता. १८१९ मध्ये पोटाच्या भयंकर कळा यायच्या, तेव्हा कोचावर पडून तोंडी सांगायचा आणि दुसरा लिहून घ्यायचा. माणसांबद्दल म्हणाल तर टॉम पर्डी नावाचा एक गडी चोरून शिकार केली म्हणून शेरीफसाहेबांसमोर उभा केला गेला. त्याची हकिकत ऐकून साहेबांनी त्याला घरीच कामाला ठेवला, आणि तो मरेपर्यंत त्यांचा उजवा हात होऊन राहिला.

आता वाड्याकडे येते. कारण सगळं दुखणं तिथे आहे.

१८११ मध्ये स्कॉटने ट्वीड नदीकाठी सुमारे ११० एकरांचं शेत घेतलं. लोक त्या जागेला चिखलाचा खड्डा म्हणायचे. त्याने नाव ठेवलं ॲबट्सफर्ड. मग घर वाढवायला सुरुवात केली. बुरूज आले, कंगोरे आले, शस्त्रांचा दिवाणखाना आला. एडिंबऱ्याचा जुना तुरुंग पाडला तेव्हा त्याचा दरवाजा आणून भिंतीत बसवला. शेजारची शेतं मिळतील त्या भावाने घेत सुटला. एकर चौदाशेच्या आसपास गेले. सकाळी त्या दालनांतून फिरताना मी थक्क झाले, पण दुपारी गढीच्या थंड दगडी कोठीत उभी राहिले तेव्हा तो वाडा मला खेळण्यातला वाटला. इथे लहानपणी जे बाहेरून पाहिलं ते त्याला स्वतःचं म्हणून हवं होतं, असं माझं मत आहे. पटलंच पाहिजे असं नाही.

पैसा कुठून आला? तोच तो केल्सोच्या शाळेतला बॅलंटाइन. त्याच्या छापखान्यात स्कॉट गुप्त भागीदार होता. पुस्तकं तिथेच छापायची आणि कॉन्स्टेबल या प्रकाशकाने काढायची. न लिहिलेल्या कादंबऱ्यांची आगाऊ रक्कम घ्यायची, छापखाना आणि प्रकाशक यांनी एकमेकांच्या हुंड्यांवर सह्या करायच्या, आणि त्या जोरावर जमीन घ्यायची. बेळगावच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही जुन्या आडत्याने सांगितलं असतं की हे बरं नव्हे. १८२५ च्या अखेरीस लंडनच्या बाजारात पैशाची चणचण झाली, तिथली पेढी कोसळली, तिच्यापाठोपाठ कॉन्स्टेबल, त्याच्यापाठोपाठ बॅलंटाइन. जानेवारी १८२६ मध्ये स्कॉटच्या डोक्यावर सुमारे सव्वा लाख पौंडांचं कर्ज होतं. वय चौपन्न.

दिवाळं काढून मोकळं होता आलं असतं. कायद्याने त्यात काही गैर नव्हतं. कुणीतरी नाव न सांगता तीस हजार पौंड देऊ केले. मुलींना वीणेसारखं हार्प शिकवणाऱ्या गरीब मास्तराने आयुष्यभराची पुंजी पुढे केली. स्कॉटने दोन्ही नाकारलं. कर्ज देणाऱ्यांना सांगितलं की मुदत द्या, लिहून फेडतो. त्याची बाजू पूर्ण स्वच्छ होती असं मी म्हणणार नाही. वर्षभरापूर्वीच मुलाच्या लग्नात वाडा मुलाच्या नावे करून दिला होता, त्यामुळे त्यावर कुणाला हात टाकता आला नाही. पण एडिंबऱ्याचं राहतं घर विकलं, आणि साहेब भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. मे महिन्यात ॲबट्सफर्डला बायको गेली तेव्हा हा शहरात नोकरीवर होता.

आणि लेखणी? संकट कोसळलं त्या दिवसांत एक कादंबरी अर्धवट होती. ती पुरी केली; तिचे आठ हजारांवर पौंड आले आणि ते सावकारांकडे गेले. नेपोलियनचं चरित्र नऊ खंडांत लिहिलं, त्याचे अठरा हजार. दोन वर्षांत जवळपास चाळीस हजार फेडले. १८२७ मध्ये एका समारंभात आपणच ‘वेव्हर्ली’चा लेखक असल्याचं उघड सांगितलं; आता लपवण्यासारखं उरलं काय होतं? त्याच साली भारतावर, हैदर अलीच्या म्हैसुरावर कथा लिहिली. भारत त्याने पाहिला नव्हता आणि ते जाणवतं. गंमत म्हणजे ज्या वर्षी बुडाला त्याच १८२६ मध्ये स्कॉटिश बँकांचा एक पौंडाच्या नोटा काढायचा हक्क लंडनचं सरकार काढून घेत होतं. स्कॉटने टोपणनावाने पत्रं लिहून असा गदारोळ उठवला की सरकारने माघार घेतली. म्हणून नोटेवर तो आहे.

शरीराने मात्र हिशेब मांडला. १८३० मध्ये पहिला झटका आला, पुढच्या वर्षी आणखी. बोलणं अडखळायला लागलं, हात चालेना. डॉक्टर लिहू नका म्हणायचे आणि हा लिहायचा. त्या काळातल्या कादंबऱ्या फसलेल्या आहेत. त्या वाचवत नाहीत. कर्ज देणाऱ्यांनी त्याची पुस्तकं आणि सामान त्याला आभार म्हणून परत दिलं. १८३१ च्या उन्हाळ्यात टर्नर हा चित्रकार त्याच्या कवितांसाठी चित्रं काढायला आला होता. त्या वेळी स्कॉट शेवटचा या गढीपाशी आला. मग सरकारने आरमाराच्या जहाजातून हवापालटाला माल्टा आणि नेपल्सला पाठवलं. गुण आला नाही. घरी परतला आणि २१ सप्टेंबर १८३२ रोजी ॲबट्सफर्डला गेला.

ड्रायबराच्या मोडक्या मठात त्याला पुरलं. तिकडे जाताना एका वळणावर खाली ट्वीड नदी आणि समोर आयल्डनच्या तीन टेकड्या दिसतात. स्कॉट नेहमी तिथे घोडा थांबवायचा, म्हणून शवपेटी ओढणारे त्याचेच घोडे सवयीने तिथे थांबले, असं लोक सांगतात. भाच्यानेही तिथे गाडी थांबवली, पण तिथे थांबायला जागा केलेलीच आहे.

कर्ज तो मेला तेव्हा फिटलं नव्हतं. पुस्तकांच्या हक्कांवर ते शेवटी १८४७ मध्ये फिटलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचा थोरला मुलगा, ज्याच्या नावे तो वाडा केला होता, बंगळूरची लष्करी नोकरी करून परतताना केप ऑफ गुड होपजवळ जहाजावरच वारला. त्याला मूल नव्हतं. बॅरोनेट हा किताब तिथेच संपला.

आपल्यापर्यंत स्कॉट पोचला तो आडवाटेने. निजामाच्या नोकरीतल्या मेडोज टेलरने त्याच्या वळणाच्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि टेलरच्या टिपूवरच्या कादंबरीवरून आपल्या हरिभाऊ आपट्यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ लिहायला घेतली. ऐतिहासिक कादंबरी वाचून ज्यांनी रात्री जागवल्यात त्यांनी या माणसाचं थोडं देणं लागतं असं समजायला हरकत नाही.

गढीचा जिना मी चढले. पायऱ्या मोजायला सुरुवात केली होती, दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यांनी लक्ष वेधलं आणि आकडा चुकला. आत सीमेवरच्या गाण्यांतली माणसं बाहुल्या करून मांडली आहेत. वर वारा असा की उभं राहवेना.

खाली आल्यावर भाच्याने बेळगावला फोन लावला. तिथे रात्रीचे आठ वाजले होते, भाऊ जेवायला बसत होता. मी त्याला धुराड्याजवळची बैठक सांगितली, कंदिलाचा कोनाडा सांगितला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं की वर न चढता काय काय दिसतं. मग भाच्याने फोन उलटा धरून त्याला गवत दाखवलं, खडकाखालचं तळं दाखवलं, पलीकडच्या सँडीनोच्या शेतातली घरं दाखवली. एक मेंढी अगदी जवळ आली होती. भाऊ म्हणाला, फोन जरा खाली धर, गवतापाशी. भाचा गवतावर आडवाच झाला आणि फोन तिथेच धरून राहिला.